चारपटीचा हरीभाऊ

हरीभाऊ बिसेसर मला आप्पाजी म्हणायचा आणि त्याच दमात अरेतुरे करायचा. "आप्पाजी, तुला बंदुकीतलं काही कळत नाही," हे त्याचं माझ्याबद्दलचं पहिलं मत, आणि शेवटपर्यंत त्यानं ते बदललं नाही. मी पुण्यात उभी हयात बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस. शिकलो चौथीपर्यंत, पण खांद्यावरची बंदूक कधी भिंतीला टेकू दिली नाही. आणि हा मला शिकवणार. आमचं जमलं ते एवढ्याचमुळं. गोड बोलणाऱ्या माणसाशी माझं आठवड्याच्या वर टिकत नाही.

तो मूळचा सुरिनामचा. तिकडं दक्षिण अमेरिकेत हा देश आहे, पूर्वी डच लोकांच्या ताब्यात होता. हरीभाऊच्या आज्याच्या बापाला गोऱ्यांनी बिहारकडून गलबतात घालून तिथं उसाच्या मळ्यात राबायला नेलं. ती माणसं तिथंच राहिली, आणि पुढं त्यांची पोरंबाळं हॉलंडला आली. हरीभाऊही तरुणपणी आला, ग्रोनिंगनला बसगाड्या दुरुस्त करण्यात म्हातारा झाला आणि बायको गेल्यावर इकडं फोरबर्गला येऊन राहिला. एवढ्या फिरतीत त्यांनी भाषा टाकली नाही. त्याची हिंदी म्हणजे आज्याच्या बापानं गाठोड्यात बांधून नेलेली, तिच्यात डच शब्द तांदळातल्या खड्यासारखे. माझी हिंदी पुण्याची. समोरचा अशुद्ध बोलतो अशी दोघांचीही खात्री होती. इथं मी त्याचं बोलणं माझ्या मराठीत लिहितोय. वर बसून चुका काढत असेल तर काढू दे.

आमची ओळख पोलिसानं करून दिली.

मी फोरबर्गला मुलाकडं राहतो. सकाळी बाल्कनीत चहा घेत बसलो होतो, तर समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक किरकोळ अंगाचा माणूस डोळ्याला काळी नळी लावून चर्चच्या दिशेला बघतोय. मी ओळखलं, ही बंदुकीवर बसवायची दुर्बीण. बंदूक नव्हती, नुसतीच दुर्बीण होती. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना हा फरक कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पोलिसाला फोन केला.

पोलीस आला तो सायकलवरून. मीही जिना उतरून, रस्ता ओलांडून त्याच्या मागोमाग वर गेलो, कारण अशा वेळी साक्षीदार लागतो. मला कुणी बोलावलं नव्हतं हे खरं आहे. वर जाऊन बघतो तर पोलीस खुर्चीत, हातात कॉफी. रायफल लोखंडी कपाटात कुलपात, परवाना टेबलावर, सगळं रीतसर. आणि दुर्बीण आता पोलिसाच्या डोळ्याला. त्यांचं डच बोलणं मला कळत नव्हतं, पण हरीभाऊनं ते मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं, दर खेपेला थोडं वाढवून.

"चारवर काय दिसतं?" हरीभाऊनं विचारलं.

"चर्चचं घड्याळ," पोलीस म्हणाला. "झाड. कबुतरं. सायकलवर एक बाई."

हरीभाऊनं दुर्बिणीची कडी फिरवली. "आता बारा. आता?"

"आकडा. नऊचा."

"बाई कुठं गेली?"

"दिसत नाही."

"पण आहे तिथंच," हरीभाऊ म्हणाला. "आता तू शिकारी आहेस आणि नऊचा आकडा हे हरीण आहे. सांग, गोळी कुणाला लागली?"

पोलिसानं दुर्बीण खाली ठेवली, कॉफी संपवली आणि सल्ला दिला, की पुढच्या वेळी बाल्कनीत पक्ष्यांचं एखादं पुस्तक उघडून ठेवत जा, म्हणजे शेजाऱ्यांना बरं वाटतं. तो गेल्यावर हरीभाऊ माझ्याकडं वळला. "तू कोण?"

"साक्षीदार."

"काय पाहिलंस?"

"सगळं."

"मग बस. चहा पितोस की ह्यांची कॉफी?"

तर ही चारपटीची गोष्ट. हे ठाऊक नसलेल्यासाठी सांगतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीला एक कडी असते. ती फिरवली की समोरचं चित्र लहानमोठं होतं. चारवर ठेवली तर हरीण चारपट जवळ आल्यासारखं दिसतं, बारावर बारापट. हरीभाऊच्या दुर्बिणीला तीनपासून बारापर्यंत आकडे होते आणि कडी कायम चारवर. मी म्हणायचो, अरे, बारापटीचे पैसे मोजलेस आणि वापरतोस चार, हा कुठला व्यवहार. त्यावर तो म्हणायचा, "तुझ्या घरात पाण्याचा नळ आहे. तू तो दिवसभर पुरा उघडा ठेवतोस का?"

माझं मत साधं होतं आणि अजूनही तेच आहे. दुर्बीण मोठं दाखवायला केलेली असते. मोठं बघायचं नसेल तर डोळे काय वाईट आहेत? पण हरीभाऊला हे सांगणं म्हणजे वीकएंडचा एक अख्खा दिवस घालवणं. तो दूध काढायचा. खरंच फ्रिजमधनं दूध काढायचा. "हा पेला म्हणजे संध्याकाळचा उजेड. काच तेवढीच, उजेड तेवढाच. चार जणांत वाटला तर दाट. बारा जणांत वाटायचा तर पाणी घालावं लागेल. हरीण संध्याकाळी येतं, आप्पाजी. तेव्हा तुला पाणी घातलेलं हरीण बघायचंय का?" आणि सांगून झालं की दूध पिऊन टाकायचा.

दिसायला तो शिकारी वाटायचाच नाही. अंगानं काडी. शिकारीला जातानाही शर्टाला कडक इस्त्री. चष्मा गळ्यात दोरीला. वरच्या खिशात बायकोच्या जुन्या ओढणीचा एक चौकोनी तुकडा, काच पुसायला. दुर्बिणीच्या काचेवर तोंडानं हा करून वाफ सोडली की त्याला संताप यायचा. "थुंकतोस कशाला तिच्यावर," म्हणायचा. दुसऱ्या खिशात पिवळ्या मिरचीच्या चटणीची डबी. सुरिनामची ती मिरची दिसायला भोपळी मिरचीच्या पिल्लासारखी, आणि जिभेवर ठेवली की पूर्वज आठवतात. डच लोक कॉफीबरोबर बिस्कीट खायचे, हा चटणी लावून चीज खायचा आणि डोळ्यांतनं पाणी काढत म्हणायचा, आता नजर साफ झाली.

त्याच्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखा एक व्रण होता. त्याबद्दल तो माणूस बघून सांगायचा. लहान पोरांना सांगायचा, जंगलात वाघानं पंजा मारला. बायकांना सांगायचा, बायकोनं लाटणं फेकलं होतं. मी खनपटीला बसलो तेव्हा खरं सांगितलं. तरुणपणी दुसऱ्याची मोठी रायफल उसनी घेतली, दुर्बिणीला डोळा चिकटवून चाप ओढला, बंदुकीनं मागं धक्का दिला आणि दुर्बिणीची कड कपाळात बसली. "दुर्बीण चावते, आप्पाजी. तिच्यापासून चार बोटं लांब राहायचं. बायकोचंही तसंच आहे म्हणतात, पण मला कधी जमलं नाही लांब राहायला." हे सांगून त्यानं ओढणीचा तुकडा काढून, काच स्वच्छ असताना, पुन्हा पुसली.

निशाणेबाजीच्या क्लबात तो मला बरोबर न्यायचा. मी आपला मागं खुर्चीवर बसून चहाचा थर्मास सांभाळायचो. तिथंच निखिलचा किस्सा घडला.

निखिल माझ्या मुलाचा मित्र. पुण्याचा, आय.टी.तला, डीमनला राहतो. पोरगा हुशार आहे, पण त्याला टोस्टर घ्यायचा असेल तरी तो आधी तीन आठवडे व्हिडिओ बघतो. क्लबात नवीन दाखल झाला होता. इथं नवीन माणसाला स्वतःची बंदूक वर्षभर तरी मिळत नाही, क्लबचीच वापरावी लागते. पण दुर्बिणीला परवाना लागत नाही. म्हणून ह्यानं बंदुकीच्या आधी दुर्बीण घेतली. पंचवीसपटीची. बायकोला सांगितलं, सेलमध्ये होती.

"काका, ह्यात पाच ते पंचवीस आहे," त्यानं हरीभाऊला खोक्यातनं काढून दाखवली. केवढी म्हणाल, तर आमच्या गावच्या देवळातला कर्णा.

मला बघताक्षणी आवडली. हरीभाऊनं ती हातात घेऊन वजन बघितलं. "छान आहे," म्हणाला. "हिच्याखाली बंदूक दिसेल ना?"

क्लबच्या परवानगीनं ती क्लबच्या छोट्या रायफलीवर बसवली. निखिलनं कडी थेट पंचवीसवर नेली, झोपून नेम धरला आणि सावकाश, एकामागून एक दहा गोळ्या झाडल्या. मधेमधे आमच्याकडं वळून अंगठा दाखवत होता. "आप्पा, मधोमध लागतायत. भोकं दिसतायत मला इथनं."

मग कागद जवळ ओढून घेतला. कोरा करकरीत. एक भोक नाही.

शेजारी एक वयस्कर डच बाई नेम मारत होत्या. त्यांनीही त्यांचा कागद ओढला, बघितला, चष्मा बदलून पुन्हा बघितला. त्यांच्या कागदाच्या मध्यावर चाळणी झाली होती. आपण एवढ्या चांगल्या नाही हे त्यांना माहीत असावं, कारण त्या निखिलकडं वळून काहीतरी म्हणाल्या आणि हरीभाऊ हसून हसून खाली बसला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आभारी आहे, पण मला विचारून मारायच्या होत्या."

निखिलचा चेहरा पडला. "पण काका, मी मधोमधच मारत होतो."

"मधोमधच मारल्यास," हरीभाऊ म्हणाला. "बाईंच्या." मग त्यानं त्याच्या शेजारी मांडी घातली आणि कडी पाचावर आणली. "हं, आता बघ. आता तुझ्या डोक्यावरच्या पाटीचा आकडा दिसतो, बाईंच्या पाटीचाही दिसतो. आधी आपलं घर शोध. सापडलं की मग वाढव. पंचवीसवर परातीएवढं जग उरतं बाबा, आणि त्या परातीत कुणाचा कागद आहे हे कुठं लिहिलेलं नसतं."

कागदावर नेम मारायला त्याची मोठ्या आकड्याला ना नव्हती, हे मला इथं सांगितलं पाहिजे. तो म्हणायचा, कागद पळत नाही, कागदाच्या मागं मातीचा ढिगारा आहे, खुशाल वाढवा. फक्त एक सांगायचा, की चित्र वाढलं की थरथरही वाढते. त्यानं मला त्या पंचवीसमधनं बघायला लावलं. आतली काळी फुली कागदावर अशी नाचत होती, जशी काही कढईत पडलेली माशी.

"ते तुझं काळीज आहे," हरीभाऊ म्हणाला. "चारवर ते दिसत नाही म्हणून माणूस निवांत असतो."

माझा हात आयुष्यात कधी हलला नाही. दुर्बिणीची पट्टी सैल बसवली होती. मी तेव्हाही हेच म्हणालो होतो.

हे सगळं हसण्याखेळण्याचं चालू असताना मधेच हरीभाऊ पायऱ्या उतरताना कठड्याला धरायला लागला. मग एकदा दुकानात त्यानं साखर समजून मीठ घेतलं आणि माझ्यावर चिडला. शेवटी त्याच्या घरच्या डॉक्टरनं त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे वेगळं होतं. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला होता. वयानं होतं म्हणे. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसत जातं.

"उजवा जास्त," तो म्हणाला. "ज्यानं नेम धरतो तो."

"कागदावर धर की. तिथं वाढवता येतं."

"आप्पाजी, क्लब म्हणजे गप्पांची जागा. शिकार ग्रोनिंगनची."

ते खरं होतं. ग्रोनिंगनच्या बाहेर शेतीभागात एका शिकारी गटात तो बस दुरुस्त करायच्या दिवसांपासून होता. तिथं शेतांची नासाडी होऊ नये म्हणून, आणि हरणं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून, सरकार ठरवून देतं तेवढीच मारतात. गटाची प्रमुख आन्नेके नावाची शेतकरीण. सहा फूट उंच, हाताचे पंजे फावड्यासारखे, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं हरीभाऊला फोनवर सांगितलं, हारी, गेल्या मोसमात तू दोनदा नेम धरायला फार वेळ लावलास. या वर्षी आधी कागदी हरणावर मारून दाखव. जमलं तर तुझी जागा तुझी. नाही जमलं तर पाहुणा म्हणून ये, सूप पी.

मला राग आला. एवढ्या वर्षांच्या माणसाला असं बोलतात का? हरीभाऊला नाही आला. "ती तोंडावर बोलली," म्हणाला. "पाठीमागं बोलली असती तर सूपसुद्धा कडू लागलं असतं." पण त्या आठवड्यात त्याच्या शर्टाची इस्त्री बिघडली होती. ती जागा गेली तर त्याच्याकडं काय राहणार होतं? बायको नाही, मूल नाही, चौथा मजला आणि समोर मी.

निखिलच्या गाडीतनं आम्ही गेलो. रायफल मागं पेटीत बंद. रस्ताभर निखिल सांगत होता, "काका, बारावर घ्या. कागदच आहे. कशाला हट्ट?" मीही तेच सांगत होतो. हरीभाऊ चटणीची डबी उघडझाक करत बसला होता.

मैदानाच्या टोकाला पुठ्ठ्यावर छापलेलं हरीण उभं केलेलं. पाच गोळ्यांतल्या चार छातीवरच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत. गटातली माणसं मागं हाताची घडी घालून उभी. हरीभाऊ बसला, कडीकडं बघितलंही नाही. चार. पहिल्या दोन आत गेल्या. तिसरी पोटाला लागली. चौथी आत. पाचवी पुठ्ठ्याच्या बाहेरच.

तिथलं डच बोलणं निखिल मला मराठीत सांगत होता. आन्नेकेनं पुठ्ठा बघितला आणि म्हणाली, "कॉफी घेऊ. मग अजून एकदा. प्रत्येकाला दोन संधी असतात."

कॉफी पिताना त्यानं चटणी काढली नाही. मी शेजारी जाऊन बसलो. "हरीभाऊ, तूच सांगतोस ना, कागदाच्या मागं माती आहे म्हणून?"

"सांगतो."

"मग वाढव की."

"वाढवणार आहे," तो म्हणाला. "त्याचंच वाईट वाटतंय."

दुसऱ्या खेपेला त्यानं कडी बारावर नेली. मला मागनं त्याची पाठ दिसत होती. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचा, आणि तेवढ्यात गोळी. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. पाचही आत, आणि अशा जवळजवळ की वर उलटी वाटी ठेवली तर झाकल्या जाव्यात. निखिलनं टाळ्या वाजवल्या. डच लोकांनी हरीभाऊच्या पाठीवर थापा मारल्या. आन्नेके म्हणाली, "जागा तुझी. बांधाकडचा नर तुझा. आज संध्याकाळीच जा."

हरीभाऊनं मान हलवली आणि कडी पुन्हा चारवर आणली.

संध्याकाळी आन्नेकेच्या शेताच्या कडेला लाकडी मचाणावर आम्ही दोघं बसलो. तिकडं उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत रेंगाळतो. खाली गवत, गवतापलीकडं मातीचा उंच बांध, बांधावरनं सायकलींचा रस्ता. माझ्याकडं साधी गळ्यातली दुर्बीण होती. डास माझंच रक्त पीत होते, त्याला एक चावत नव्हता. चटणीमुळं असेल.

नर आला तो अगदी शांतपणे, जशी काही त्याचीच वेळ ठरली होती. हरीभाऊनं रायफल खांद्याला लावली आणि थांबला.

"आप्पाजी," हळूच म्हणाला. "काय दिसतं?"

"नर. शिंगं वीतभर. आडवा उभा आहे."

"कडेला?"

"गवत."

"मागं?"

"गवत. मग बांध. कुणी नाही."

तो बराच वेळ दुर्बिणीतनं बघत राहिला. "मला चारवर एक खाकी डाग दिसतो," म्हणाला.

"वाढव."

त्यानं कडी फिरवली. "आता नर दिसतो. कान हलवतोय. तोंडात गवत आहे." थांबला. "आणि बाकीचं काहीच दिसत नाही."

"बाकीचं मी बघतोय ना. मोकळं आहे सगळं. मार."

"तू सांगितलंस म्हणून मी मारली, आणि मागनं कुणी निघालं, तर गोळी कुणाची?"

"अरे, कुणी नाहीये मागं."

"माहीत आहे मला. तू भांडतोस, खोटं बोलत नाहीस." त्यानं डोळा काढला. "पण मला दिसत नाही."

त्यानं रायफलीची खिट्टी मागं ओढून गोळी बाहेर घेतली आणि खिशात टाकली. नर चरत चरत बांधाकडं गेला, बांध चढला, वर क्षणभर आभाळात उभा राहिला आणि पलीकडं उतरला. त्याच्या मागं खरोखरच कुणी नव्हतं. ना सायकल, ना माणूस, ना कुत्रं. मी हे मचाणावरनं उतरताना त्याला सांगितलं, आणि गाडीपर्यंत चालताना पुन्हा सांगितलं. मी आजही म्हणतो की ती गोळी त्यानं मारायला हवी होती. माझी नजर ह्या वयातही खणखणीत आहे.

आन्नेके अंगणात उभी होती. "आवाज नाही आला," म्हणाली. हे आणि पुढचं सगळं हरीभाऊनं मला गाडीत सांगितलं, आणि ते मात्र कधी वाढवलं नाही.

"झाडलीच नाही," तो म्हणाला.

"नर आला नाही?"

"आला. उत्तम होता." मग त्यानं पाठीचा कणा ताठ केला. "आन्नेके, कागद मी बारावर पास केला. चारवर मला नर दिसत नाही. माझी जागा दुसऱ्याला दे."

ती अरेरे म्हणाली नाही, की समजूत घालायला गेली नाही. तिनं त्याला वरपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "ऑक्टोबरात हाकारे कमी पडतात."

हाकारे म्हणजे काठ्या घेऊन रांगेनं शेतातनं जाणारे, लपलेले पक्षी उठवणारे.

"हाकाऱ्याला दुर्बीण लागत नाही," हरीभाऊ म्हणाला.

"नाही. बूट लागतात. तुझे फाटलेत."

ऑक्टोबरात निखिलनं आम्हाला पुन्हा तिकडं नेलं. त्या दिवशी आम्ही परत निघालो आणि हरीभाऊ जुन्या दोस्तांकडं तिथंच राहिला. तिथनंच पुढं सुरिनामला बहिणीकडं गेला, थंडी टाळायला. तिकडून बातमी आली, माणूस नाही आला. तेव्हा मला दिसलेला शेवटचा हरीभाऊ तो ऑक्टोबरातला.

धुकं होतं. बिटाचं मोठं शेत, पानांवर पाणी. हाकाऱ्यांची रांग एका टोकाला, बंदूकवाले दुसऱ्या टोकाला बांधापाशी, त्यांच्यात आन्नेके. मी आणि निखिल गाडीजवळ. हरीभाऊच्या पायात नवे बूट, डोक्यावर सगळ्यांसारखी भडक नारिंगी टोपी. ती शर्टाशी जात नाही म्हणून त्यानं सकाळी अर्धा तास कुरकुर केली होती. रांगेतली सगळी माणसं ताडमाड, मधे हा एवढासा, एका मिशाळ गड्याच्या काखेखाली मावेल इतका. पण आवाज त्याचाच. बिटाच्या पानांवर काठी आपटत तो बिहारच्या भाषेत पक्ष्यांना काय काय शिव्या देत होता, ते तिथं फक्त आम्हा दोघांना कळत होतं.

त्याच्या पायाशी फेझंट उठला. लांब शेपटीचा, तांबूस, कोंबड्याएवढा. वर न जाता तो पानांच्या उंचीनं सरळ आन्नेकेकडं निघाला. तिनं बंदूक खांद्याला लावली, नळी पक्ष्याबरोबर सरकली. पक्ष्याच्या मागं, त्याच रेषेत, हरीभाऊ उभा होता. तिनं बंदूक खाली घेतली. फेझंट तिच्या डोक्यावरनं फडफडत बांधापलीकडं गेला.

सगळी रांग थांबली होती. हरीभाऊनं टोपी काढली आणि आन्नेकेच्या दिशेनं बघून कमरेत वाकला, चांगला खाली. मग टोपी घातली, आणि मिशाळ गड्याला, रांग सोडून पुढं का आलास म्हणून काठीनं मागं ढकलत, पुढं निघाला.